‘ती जळते’ म्हणजे नेमकं काय? मालवण तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. ते कुठल्याही एका घराचं नाही, पण यातला प्रत्येक तुकडा कोकणातल्या एकत्र घरांत ओळखीचा आहे. माणसांना नावं दिलेली नाहीत, नात्यांवरूनच ती ओळखायची: सासू, थोरली जाऊ, धाकटी जाऊ, दोघे भाऊ आणि मुंबईत दिलेली नणंद.

घर आणि घटना

घर चिऱ्याचं आणि कौलारू आहे. पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर. मागे विहीर आणि जुना मांगर, म्हणजे सामान ठेवायची खोपी. थोरला भाऊ गावातच राहिला. त्याची साठेक हापूसची कलमं आणि थोडी काजू. थोरली जाऊ लग्न होऊन आली त्याला बावीस वर्षं झाली. धाकटं जोडपं मुंबईला होतं. तीन वर्षांपूर्वी ते परत आलं, मांगराच्या जागी चार खोल्या बांधल्या आणि पर्यटकांसाठी राहण्या-जेवणाची सोय सुरू केली. तारकर्ली जवळ असल्यामुळे दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतात.

वर्षभरात चार गोष्टी घडल्या.

जानेवारीत मालवणी मसाल्याची बरणी संपत आली. थोरली दर मे महिन्यात वर्षाचा आठ किलो मसाला करते. बेडगी आणि तिखट मिरच्या उन्हात वाळवायच्या, धने, बडीशेप, दगडफूल, नागकेशर वगैरे वेगवेगळं भाजायचं आणि मग गिरणीवर न्यायचं. हे तीन दिवसांचं काम असतं. दहा माणसांच्या एका जेवणाला दोन पदार्थ धरले तर साधारण १०० ग्रॅम मसाला लागतो. पर्यटकांच्या साठ जेवणांत सहा किलो गेला. त्यानंतर थोरलीने उरलेली बरणी आपल्या खोलीत ठेवली.

मे महिन्यात थोरलीने पाहुण्यांना खळ्यात थांबवून सांगितलं, ‘पाणी जपून वापरा, विहिरीचा तळ दिसायला लागलाय.’ धाकटीला ते अपमानाचं वाटलं. चारच दिवसांत विहिरीवरचा पंप जळला. सासू म्हणाली, “कोणाची तरी नजर लागली हा.”

चतुर्थीला नैवेद्याचे एकवीस मोदक धाकटीने करावेत असं सासूने ठरवलं, कारण मोदक वळताना पाहायची पाहुण्यांची इच्छा होती. थोरलीने काही न बोलता बॅग भरली आणि दुसऱ्या दिवशी माहेर गाठलं. गणपती विसर्जनापर्यंत ती आली नाही.

ती माहेरी गेली त्याच रात्री नणंदेने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, “थोरली वयनी जळता. आज नाय, पयल्यापासून.” ग्रुपवर सतरा जण होते. त्यातल्या एकानेही ‘कशावर जळते?’ असं विचारलं नाही.

‘जळते’ या शब्दाचं हेच होतं. हा शब्द कारण सांगत नाही, स्वभाव सांगतो. स्वभाव म्हटला की चौकशी थांबते. चौकशी थांबली की मसाला, पाणी आणि मोदक या तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. ते गाठोडं सोडायचं तर आधी शब्द सोडवावे लागतात.

शब्दांची उकल

मराठीत या मुलखात शब्दांची कमतरता नाही: हेवा, मत्सर, असूया, ईर्षा, द्वेष, दुस्वास, आकस, अढी, जळफळाट, पोटदुखी, खार खाणं, डूख धरणं, डोळ्यांत सलणं, पाण्यात पाहणं. शब्द भरपूर असूनही बोलताना आपण त्यातले दोन-तीनच वापरतो आणि तेही एकमेकांच्या जागी. प्रत्येक शब्दाची जागा मात्र वेगळी आहे, आणि ती शब्दाला कोणतं क्रियापद लागतं त्यावरून बरीचशी ओळखू येते.

हेवा ‘वाटतो’. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे समोरच्याला तोंडावर सांगता येतं आणि तो हसून घेतो. समोरच्याकडे जे आहे ते आपल्याकडे नाही, असावंसं वाटतं, इतकाच त्याचा अर्थ. त्यात समोरच्याचं काही काढून घ्यायचं नसतं. मत्सर बहुधा ‘करतात’. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं कुणी कौतुकाने म्हणत नाही. मत्सरात दुसऱ्याचं असणंच खुपतं. ते आपल्याला मिळालं नाही तरी चालेल, पण त्याच्याकडे राहू नये. ‘नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे’ ही म्हण कानाला क्रूर लागते, पण मत्सराची खूण तिच्याइतकी नेमकी दुसरी सापडणार नाही: स्वतःचं नुकसान सोसूनही दुसऱ्याचं नुकसान हवं असणं.

मानसशास्त्रात हा फरक बऱ्याच उशिरा मोजला गेला. डच भाषेत याला दोन वेगळे शब्द आहेत, ‘बेनाइडन’ आणि ‘आफखुन्स्ट’. त्यांचा आधार घेऊन व्हॅन डी व्हेन, झेलेनबर्ग आणि पीटर्स यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक भावना माणसाला स्वतः वर चढायला लावते आणि दुसरी समोरच्याला खाली ओढायला. मराठी माणसाला हा फरक हेवा आणि मत्सर यांतून घरबसल्या कळतो, फक्त तो वापरायला हवा.

‘मत्सर’ शब्दाचा प्रवास विलक्षण आहे. तो ‘मद्’ या धातूपासून आला. ऋग्वेदात ‘मत्सर’ हे सोमरसाचं विशेषण आहे, अर्थ ‘उन्माद आणणारा, हर्ष देणारा’. पुढे तो स्वार्थी, दुसऱ्याचं न साहणारा या अर्थाकडे झुकला आणि षड्रिपूंत शेवटी बसला: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. मद आणि मत्सर यादीत शेजारी आहेत आणि एकाच धातूचे आहेत. दोघांतही स्वतःला विसरायला लावणारी धुंदी आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी मत्सराच्या भरात माणूस स्वतःचंच नुकसान का करतो ते समजतं.

ईर्षा या शब्दाने मराठीत निराळी वाट धरली. संस्कृतातली आणि हिंदीतली ‘ईर्ष्या’ म्हणजे न साहणं. मराठीत मात्र ‘ईर्षेने अभ्यास केला’, ‘जिंकण्याची ईर्षा’ असं आपण चांगल्या अर्थानेही म्हणतो. कोकणात डबलबारीच्या, म्हणजे भजनांच्या सामन्याच्या रात्री दोन बुवा ईर्षेला पेटतात. लोक पहाटेपर्यंत बसतात ते त्या ईर्षेसाठीच. इंग्रजी ‘जेलस’चं मूळही ग्रीक ‘झेलॉस’ म्हणजे आवेश, तीव्र ओढ हे आहे. ‘एन्व्ही’चं मूळ लॅटिन ‘इन्विडिया’, म्हणजे वाईट नजरेने पाहणं. आपली ‘नजर लागली’ त्याच घराण्यातली कल्पना आहे. हिंदी मालिका पाहून ‘ईर्षा’ फक्त वाईट अर्थाने वापरायची सवय लागते आहे. त्यामुळे जिद्दीचा एक चांगला मराठी शब्द हातचा जाईल.

असूया या शब्दाबद्दल अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश नेमकं सांगतो: ‘अक्षान्तिरीर्ष्यासूया तु दोषारोपो गुणेष्वपि’. न साहणं ही ईर्ष्या; आणि गुणांवरही दोष लादणं ही असूया. दोष शोधणं म्हणजे असूया नव्हे, गुणालाच दोष ठरवणं म्हणजे असूया. कोणी मेहनती असेल तर ‘पुढेपुढे करते’, उदार असेल तर ‘पैसा उडवते’, अबोल असेल तर ‘शिष्ट आहे’. जिच्यात हे नाही ती अनसूया, दत्ताची आई. दत्तभक्त टेंबे स्वामींचं माणगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे हे नाव घरोघर माहीत असतं, पण त्याचा अर्थ क्वचितच कुणी थांबून पाहतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाणिनीचं एक सूत्र आहे: ‘क्रुधद्रुहेर्ष्यासूयार्थानां यं प्रति कोपः’. राग, द्रोह, ईर्ष्या, असूया या अर्थाच्या क्रियापदांत ज्याच्यावर कोप असतो त्याची चतुर्थी विभक्ती होते: ‘देवदत्ताय ईर्ष्यति’. त्यावर सातव्या शतकाच्या सुमाराची काशिका ही टीका विचारते, ‘ज्याच्यावर कोप असतो’ असं का म्हटलं? आणि उदाहरण देते: ‘भार्याम् ईर्ष्यति’. हा माणूस बायकोबद्दल ईर्ष्या करतो, पण त्याचा राग बायकोवर नाही. दुसऱ्या कुणी तिच्याकडे पाहू नये एवढंच त्याच्या मनात आहे. म्हणून तिथे चतुर्थी नाही, द्वितीया. एका विभक्तीने व्याकरणकारांनी दोन भावना वेगळ्या केल्या: दुसऱ्याचं न साहणं आणि आपलं कुणी नेईल याची धास्ती.

आजचे मानसशास्त्रज्ञ हीच रेघ ओढतात. पहिल्या भावनेत दोन माणसं असतात: मी आणि ज्याच्याकडे ती गोष्ट आहे तो. दुसरीत तीन असतात: मी, माझं माणूस किंवा माझी जागा, आणि ती घेऊ पाहणारा. पॅरट आणि स्मिथ यांनी १९९३ साली दोन्हींचा अनुभव वेगवेगळा तपासला. पहिलीत कमीपणा, आस आणि चीड दिसली. दुसरीत गमावण्याची भीती, अविश्वास आणि चिंता. दुसरीसाठी रोजच्या मराठीत एक स्वतंत्र शब्द नाही. नवरा-बायकोत आपण ‘संशय’ म्हणतो, सवतींत ‘सवतीमत्सर’, बाकी सगळीकडे ‘जळते’. या घरात जे अडकलं होतं ते नेमकं या रिकाम्या जागेत.

वाक्यं गोळा करणं

थोरलीला ‘तुला वाईट वाटतं का?’ असं विचारून काही हाती लागलं नसतं. हा प्रश्न घरच्यांनी दोनदा विचारला होता आणि दोन्ही वेळा तिने “तेंचा बरां झालां तर माका वायट कशाक वाटात?” एवढंच उत्तर दिलं होतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोपाच्याच शब्दात विचारलं तर तो नाकारणारच. त्यात खोटेपणा नाही.

तालुक्याच्या गावी असलेल्या समुपदेशकाकडे प्रकरण गेलं तेव्हा आधी पंधरा दिवस फक्त वाक्यं लिहून घेण्यात आली. प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटायचं. बोलणारी व्यक्ती जे म्हणेल ते तिच्याच बोलीत, सुधारणा न करता लिहायचं. प्रत्येक वाक्यापुढे चार प्रश्न. एक, यात माणसं दोन आहेत की तीन? दोन, गोष्ट समोरच्याकडे आहे म्हणून बोचते आहे की आपल्याकडून जाते आहे म्हणून? तीन, समोरच्याची गोष्ट गेली, पण आपल्याला काही मिळालं नाही, तर समाधान होईल का? चार, भावना बाजूला ठेवून कुणी त्रयस्थाने तपासलं तर तक्रार खरी ठरते का?

चौथा प्रश्न बहुतेक घरांत विसरला जातो, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते. तक्रार खरी असेल तर तिला मत्सर म्हणणं म्हणजे तक्रार ऐकायची नाही असं जाहीर करणं.

वाक्यं ताबडतोब वर्गांत घालायची नाहीत, हाही नियम. पहिल्या दोन-तीन दिवसांत माणूस तयार वाक्यं बोलतो, जी तो घरातही बोलतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर नवीन वाक्यं यायला लागतात. कामाची तीच.

थोरलीची वाक्यं

“मसालो संपलो तेचा कायएक नाय. माजी बरणी माका इचारून उघडा.” माणसं दोन. गोष्ट तिच्याकडून गेली. तपासलं तर खरी: आठातले सहा किलो न विचारता वापरले गेले, सामानाचे पैसे तिच्या नवऱ्याने दिले होते, तीन दिवसांची मेहनत तिची होती. याला ना हेवा म्हणता येईल ना मत्सर. ही सरळ हक्काची तक्रार आहे.

पाण्याबद्दल तिने जे सांगितलं त्यात तर भावनाच नव्हती, माहिती होती. बारा पाहुणे म्हणजे दिवसाला दीड हजार लिटरच्या आसपास पाणी. मेअखेरीस विहिरीत पाणी फुटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाला असलेल्या झडपेच्या खाली गेलं की पंप हवा ओढतो. पाण्याविना फिरताना त्याला थंडावा मिळत नाही, सील जातं आणि वाइंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं, जळतं. पंप नेमका असाच गेला. दुरुस्त करणाऱ्याने उघडून दाखवलं. म्हणजे तिचा इशारा खरा होता. तो ‘जळते म्हणून पाहुण्यांना हाकलते’ असा समजला गेला, म्हणून पाळला नाही. पाळला नाही म्हणून पंप जळला. आणि जळल्यावर नजर लागल्याचं बोलणं निघालं, ज्याचा रोख पुन्हा तिच्याकडेच होता. चुकीचा शब्द घराला किती महाग पडतो हे यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही.

मोदकांबद्दलचं वाक्य सातव्या दिवशी आलं. “बावीस वर्सां निवेद मिया केलंय. औंदा माका कोणी इचारल्यान पन नाय. आईन सुद्दा नाय.” इथे माणसं तीन आहेत: ती, धाकटी आणि सासू. तिच्या डोळ्यांत धाकटीच्या खोल्या नाहीत, पाहुणे नाहीत, पैसे नाहीत. ‘आईन सुद्दा नाय’ हे शेवटचे तीन शब्द सगळं सांगतात. देवघरापुढची जागा आणि सासूचा भरवसा, बावीस वर्षांत मिळवलेलं हे दोन्ही एका सकाळी न बोलता दुसरीकडे गेलं. काशिकेतला तो माणूस ज्या भावनेत आहे तीच ही: आपलं कुणी नेईल याची धास्ती. तिसऱ्या प्रश्नाला तिचं उत्तर स्वच्छ ‘नाही’ होतं. खोल्या बंद पडल्या तर तिला समाधान होणार नव्हतं. उलट “चार पैशे येतत ते बरेच” असं ती स्वतःहून म्हणाली.

थोडा हेवाही होता, तो नंतर उघड झाला. धाकटी परक्या माणसांशी हिंदी-इंग्रजीत न अडखळता बोलते, गाडी चालवते, बँकेत एकटी जाते. हे सांगताना थोरलीचा आवाज कडवट नव्हता.

धाकटीची वाक्यं

इथे प्रकरणाने वळण घेतलं. धाकटीबद्दल कुणी काही म्हणत नव्हतं, म्हणून तिची वाक्यं फक्त बाजू कळावी म्हणून घेतली होती. बारा दिवसांच्या नोंदीत एकाच घडणीची पाच वाक्यं सापडली. थोरली पहाटे खळं सारवते: ‘पाहुण्यांना दाखवायला.’ थोरली सासूचे पाय चेपते: ‘आईंना हातात ठेवायला.’ थोरली पाहुण्यांच्या मुलांना तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवते: ‘माझ्याहून चांगलं दिसायला.’ थोरली भांडत नाही: ‘आतल्या गाठीची आहे.’ थोरली माहेरी निघून गेली तर ‘नाटक’, आणि परत आली तर ‘आता आली मिरवायला’.

अमरकोशाची व्याख्या या वाक्यांवर जशीच्या तशी बसते. ज्या गोष्टी कुणाच्याही दृष्टीने गुण ठरतील त्या एकेक करून दोष ठरवल्या आहेत. घरात असूया होती, पण ती जिच्या नावावर टाकली होती तिच्याजवळ नव्हती.

याचं कारणही समजून घ्यायला हवं, नाहीतर एका जावेवरचं लेबल काढून दुसरीला चिकटवल्यासारखं होईल. धाकटी मुंबईची वाढलेली. गावात ती ‘धाकट्याची बायको’ एवढीच. खोल्या चालवते, पण वाडीतल्या बायका तिला अजून विचारत नाहीत की मसाल्यात तिरफळं किती घालायची. कर्जाचा हप्ता तिच्या डोक्यावर आहे. पाहुणे वहीत शेरा लिहितात तो जेवणाबद्दल, आणि जेवणाची चव असते थोरलीच्या मसाल्याची. स्वतःच्या धंद्याचं यश दुसरीच्या हातचं आहे हे रोज दिसत असताना ते मान्य करणं जड जातं. मग त्या हातालाच नावं ठेवली जातात. असूया बहुतेक वेळा अशीच उगवते: जिचं ऋण आहे, पण फेडता येत नाही, तिच्याबद्दल.

आधी काय चुकलं

समुपदेशकाकडे यायच्या आधी धाकट्या भावाने एक प्रामाणिक प्रयत्न केला होता. ‘वहिनी जळते’ म्हणजे तिला आमच्या पैशांचा हेवा वाटतो, असा त्याने अर्थ लावला आणि पाकिटात पंधरा हजार रुपये घालून तिला दिले. पुढे उत्पन्नाचा दहावा हिस्साही देऊ केला. थोरलीने पाकीट देवघरात ठेवलं आणि त्याला हात लावला नाही. घरच्यांना वाटलं, हिला एवढ्यावरही समाधान नाही, म्हणजे ही खरंच मत्सरी.

भावना चुकीची ओळखली की उपाय चुकतो, आणि उपाय चुकला की आरोप आणखी पक्का होतो. ज्याला जागा गेल्याचं दुःख आहे त्याला पैसे दिले तर त्याचा अर्थ ‘जागेची किंमत घे आणि बाजूला हो’ असा होतो. पाकीट तिथे ठेवण्यात थोरलीचं उत्तर होतं, कुणी वाचलं नाही.

नजर आणि दृष्ट

सासूने पंप जळल्यावर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दृष्ट काढणं हा बहुतेक घरांत मायेचा प्रकार असतो. लहान मुलावरून, नव्या नवरीवरून ओवाळताना त्यात काळजीच असते. धोका तिथे सुरू होतो जिथे ‘नजर लागली’च्या पुढे नाव येतं. नावापुढे ‘करणी’ हा शब्द आला तर गोष्ट घराबाहेर जाते आणि त्या बाईचं गावात जगणं कठीण होतं. एखाद्यावर जादूटोण्याचा, करणीचा ठपका ठेवून त्याला छळणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. या घरात गोष्ट तिथवर गेली नव्हती, पण नणंदेच्या पुढच्या संदेशात ‘पयल्यापासून तिचां असांच’ असं होतं, आणि तिथून नावापर्यंत फार अंतर नसतं. सासूला पंप दुरुस्तीच्या दुकानात नेऊन जळलेलं वाइंडिंग दाखवण्यात आलं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

काय केलं गेलं

एकूण पाच बैठका झाल्या, दीड महिन्यात. क्रम मुद्दाम असा ठेवला की दोघी जावा समोरासमोर चौथ्या बैठकीत बसतील.

पहिली बैठक सासू आणि थोरलीची, कारण गमावलेली गोष्ट सासूच्या हातात होती. सासूला माफी मागायला लावलं नाही. कोकणातल्या सत्तरीच्या बाईने सुनेची माफी मागावी हा आग्रह उलटा पडतो, सून अवघडते आणि सासू दुखावते. तिला एकच सांगितलं: पुढच्या चतुर्थीचा नैवेद्य कोण करणार हे श्रावणात थोरलीला विचारून ठरवा. सासू थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “माका वाटला तुका जरा इसावो मिळात.” विसावा द्यायचा म्हणून न विचारता काम काढून घेतलं, आणि काम काढलं म्हणजे जागा काढली असं पोहोचलं. दोघी रडल्या. या बैठकीत आणखी काही बोलायचं नव्हतं, म्हणून ती तिथेच थांबवली.

दुसरी हिशेबाची, दोघा भावांची. मसाला यापुढे दोन वेगळ्या बरण्यांत: घरचा आठ किलो, पाहुण्यांचा आठ किलो. पाहुण्यांच्या मसाल्याचं सामान खोल्यांच्या खात्यातून, थोरलीच्या तीन दिवसांची मजुरी वेगळी. ती पाहुण्यांसाठी रांधेल त्या दिवशी ताटामागे ठरलेली रक्कम. रांधायचं की नाही हे ती आदल्या संध्याकाळी सहापर्यंत सांगेल, आणि ‘नाही’ म्हटल्यास कारण विचारायचं नाही. पाण्यासाठी खोल्यांना २००० लिटरची स्वतंत्र टाकी, पंपाला पाणी संपताच बंद पाडणारं उपकरण, आणि १५ एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत चारपैकी दोनच खोल्या भाड्याने. धाकट्याला शेवटची अट जड गेली, कारण मे हाच कमाईचा महिना. पण नव्या पंपाची पावती समोर ठेवल्यावर त्याने मान्य केली.

तिसरी बैठक धाकटीशी एकटीशी. तिची पाच वाक्यं तिला वाचून दाखवली, शेवटचा शब्द झाकून. ‘थोरली पहाटे खळं सारवते.’ ‘थोरली सासूचे पाय चेपते.’ मग विचारलं, यात वाईट काय आहे? पहिल्या तीन वाक्यांना ती वाद घालत राहिली. चौथ्याला थांबली. तिला उपदेश केला नाही. असूयेला उपदेशाचा उपयोग होत नाही, कारण उपदेश म्हणजे पुन्हा कुणीतरी वर आणि आपण खाली. तिला दिलं ते एक लहान काम. पतंजलीच्या योगसूत्रांत दुसऱ्याच्या चांगल्याबद्दल ‘मुदिता’ सांगितली आहे. रोजच्या मराठीत तिला सर्वांत जवळचा शब्द ‘कौतुक’. दिवसाला एक, तेही झालेल्या कामाचं, थोरलीच्या तोंडावर, आणि पुढे ‘पण’ न जोडता. ‘आजची आमटी छान झाली’ चालेल. ‘तुम्ही फार चांगल्या आहात’ नको, कारण तशी वाक्यं खोटी वाटतात आणि थोरली त्यांना विश्वासाने घेणार नाही.

पहिल्या आठवड्यात तिला ते जमलं नाही. सात दिवसांत दोनदाच झालं, त्यातलं एक नवऱ्याजवळ. दुसऱ्या आठवड्यात चार.

चौथ्या बैठकीत दोघी समोरासमोर बसल्या. त्यात धाकटीने पाहुण्यांची वही आणली आणि जेवणाबद्दलचे शेरे थोरलीला वाचून दाखवले. खोल्यांच्या फलकावर ‘घरच्या थोरल्या वहिनींच्या हातचं जेवण’ असं लिहू का, हेही विचारलं. थोरलीने आधी नको म्हटलं, मग म्हणाली, “लिव, पण वयनी नको, सुग्रण लिव.” त्यानंतर थोड्या वेळाने, काही संबंध नसताना, “तू परक्यांशी बोलतंस मा, ताठ मानेन, तेचो माका हेवो वाटता गो.” धाकटी काही बोलली नाही. तिने वही बंद केली आणि चहा टाकायला उठली.

पाचवी बैठक नणंदेशी, फोनवर. ग्रुपवरचं वाक्य मागे घ्यायला तिने नकार दिला. ते वाक्य अजून तिथे आहे.

या प्रकरणात नसलेली गोष्ट

या घरात नवरा-बायकोतला संशय नव्हता. तो असेल तर वरची पद्धत वापरू नये. मोबाईल तपासणं, घराबाहेर पडायला बंदी, पुरावा नसताना व्यभिचाराची खात्री, दारूच्या भरात पाठलाग किंवा मारहाण यांपैकी काहीही असेल तर वाक्यं लिहीत बसायचं नाही. ती खात्री कधी कधी आजाराची असते आणि तिला मानसोपचारतज्ज्ञच लागतो. मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ वर मराठीतही बोलते. मारहाण असेल तर १८१ ही महिला हेल्पलाईन आधी.

सहा महिन्यांनंतरची स्थिती

मे महिन्यात मसाला दोन बरण्यांत झाला. दोघींनी मिरच्या एकत्र वाळवल्या. भाजण्याचं काम थोरलीने एकटीने केलं आणि ते कुणाला खटकलं नाही. दोन खोल्या बंद ठेवल्या, विहिरीत ७ जूनला, पावसाच्या आधी, हातभर पाणी शिल्लक होतं. ताटाची रक्कम एकदा थकली, थोरलीने ती मागून घेतली. मागता येणं ही या घरात नवीन गोष्ट आहे.

धाकटीचं बोलणं पूर्ण निवळलेलं नाही. सहाव्या महिन्याच्या नोंदीत तिचं एक वाक्य पुन्हा त्याच घडणीचं आहे: थोरलीने पाहुण्यांच्या आजारी मुलासाठी रात्री पेज करून दिली, ‘आपलं नाव व्हायला’. हप्त्याची तारीख दोन दिवसांवर होती आणि एक आरक्षण रद्द झालं होतं. तिची असूया हप्त्याच्या आसपास वर येते हे आता तिच्या नवऱ्यालाही कळलं आहे. म्हणून पुढच्या तीन महिन्यांच्या नोंदींत प्रत्येक वाक्यापुढे तारीख आणि त्या आठवड्यात भरलेल्या खोल्यांची संख्या लिहायची आहे. श्रावणात सासूला थोरलीकडे जाऊन विचारायचं आहे, आणि ते तिने स्वतः, कुणी आठवण न करता विचारलं का, याचीही नोंद व्हायची आहे.